पापनिवेदनात न येणारे पाप

जिभेचे पाप म्हटले की आपल्या कॅथलिक घरांत प्रथम शिवी आठवते. अंगणात खेळताना मुलाच्या तोंडून एखादा अपशब्द गेला की आई धपाटा घालते आणि शनिवारी फादरांना हे सांगायचे, असे बजावते. मीही असाच वाढलो. पहिल्या कम्युनियनच्या तयारीत आमच्याकडून पापांची जी उजळणी करून घेतली जाई तीत आईवडिलांची अवज्ञा, मिस्साला गैरहजेरी, चोरी, खोटे बोलणे आणि शिव्या देणे एवढ्यांची नोंद असे. आठवडाभरातील शिव्या मी बोटांवर मोजून ठेवी आणि पापनिवेदनात त्यांचा आकडा प्रामाणिकपणे सांगे. तो हिशेब आठवला की आज हसू येते. पण त्याच वर्षी शेजारच्या घरातील एका मोठ्या मुलीविषयी कानावर आलेली गोष्ट मी वर्गातल्या चौघांना सांगितली होती. ती फिरत फिरत तिच्या वडिलांपर्यंत गेली आणि त्यांनी तिची शाळा बंद केली. हे मात्र मी पापनिवेदनात कधी सांगितले नाही. लपविले असे नव्हे. ते पाप आहे हे मनातच आले नाही. गोष्ट खरी होती की खोटी, हे मला आजही ठाऊक नाही.

या लेखात मी इतर कोणाच्या पापनिवेदनाविषयी एक अक्षरही लिहिणार नाही. तो अधिकार कोणत्याही धर्मगुरूला नाही. मी बोलतो ते माझ्याविषयी, आणि देवळाच्या पायऱ्यांवर, धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत, लग्नाच्या मांडवात आणि धर्मगुरूंच्या भोजनाच्या टेबलाशी उघडपणे जे कानी पडते त्याविषयी. त्यावरून माझे मत असे बनले आहे की वाणीच्या संयमाचे आपले मोजमापच उलटे आहे. आपले तोंड विटाळणारे शब्द आपण पाप मानतो. दुसऱ्याचे नाव हिरावून घेणारे शब्द मात्र आपल्याला नुसत्या गप्पा वाटतात. या उलट्या मापाने आपली धर्मग्रामे आतून पोखरली जात आहेत, आणि त्याचा मोठा दोष आम्हा धर्मगुरूंकडे जातो. शिकविले आम्हीच तसे.

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे ते एकदा नीट पाहू. खोट्या साक्षीविरुद्धची आज्ञा आपल्या गणनेत आठवी (अलायन्स मिशनच्या आपल्या शेजारी बंधूंच्या गणनेत नववी, आज्ञा तीच). १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसृत केलेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात या आज्ञेखाली तीन अपराध वेगळे काढून दाखविले आहेत. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याच्या दोषावर मनातल्या मनात विश्वास ठेवणे हा पहिला. शेजाऱ्याबद्दल खोटे बोलून त्याचे नाव बुडविणे, म्हणजे कुभांड रचणे, हा तिसरा. या दोहोंविषयी कोणाचा वाद नसतो. वाद होतो तो मधल्याविषयी. शेजाऱ्याचा खराखुरा दोष, ज्यांना तो ठाऊक नव्हता त्यांना, योग्य कारण नसताना सांगणे, हाही त्या यादीतला अपराध आहे.

खराखुरा, हा शब्द वाचकांनी पुन्हा वाचावा. “पण फादर, ते खरंच आहे!” हा बचाव मी पाव शतकाहून अधिक काळ ऐकत आलो आहे आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रत्येक वेळी एक निर्धास्तपणा पाहिला आहे, जणू खरेपणाचा दाखला दाखविला की नाकेबंदी संपली. ख्रिस्तसभेच्या नाक्यावर हा दाखला चालत नाही. शेजाऱ्याच्या घरात सोने आहे हे खरे असले म्हणून ते उचलून आणण्याचा हक्क मला मिळत नाही. त्याचे चारचौघांतले नाव हे त्याचे धन आहे, आणि त्याच्या घरातल्या अडचणीची खरी बातमी बाहेर नेऊन मी तेच धन लुटतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या महाग्रंथात वाणीच्या अपराधांची इतकी बारीक विभागणी केली आहे की सेमिनरीत ती पाठ करताना आम्हाला कंटाळा येई. तोंडावर केलेला अपमान वेगळा, पाठीमागची निंदा वेगळी, कान भरणे वेगळे, टवाळी वेगळी, शाप वेगळा. वयाबरोबर या विभागणीतले शहाणपण उमगत गेले. थॉमस म्हणतात की निंदा हे चोरीहून भारी पाप आहे, कारण सुनाम हे द्रव्याहून मोठे. आणि कान भरणारा हा निंदकाहूनही वाईट, कारण निंदक माणसाचे नाव घालवितो, तर कानफुंक्या माणसाचा मित्र घालवितो. आणि माणसाच्या बाह्य संपत्तीत मित्राहून श्रेष्ठ असे काही नाही. दोन भावांत, सासूसुनेत, धर्मगुरू आणि त्याच्या साहाय्यकात ज्याने हळूच एक वाक्य सोडले आहे, त्याने हे वाचून आपला आकडा पुन्हा मोजावा.

आता वऱ्हाडी बोलीविषयी. आपल्या बोलीच्या वाट्याला या बाबतीत नाहक बदनामी आली आहे आणि तिचे वकीलपत्र घ्यायला मी आनंदाने तयार आहे. सेमिनरीत मी ‘सांगतलं’ आणि ‘काहून’ म्हणालो की पश्चिमेकडचे सोबती हसत, आणि एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी मला गंभीरपणे सुचविले होते की आधी जीभ सुसंस्कृत करावी, मग प्रवचनाचा विचार करावा. मी ती केली. हा लेख त्याचा पुरावा. परंतु अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत परत आल्यावर माझ्या लक्षात आले की इथला शेतकरी मित्राला अबे, लेका म्हणून हाक मारतो, बैलाला मनसोक्त दूषणे देतो, तोंडावर दोन खरमरीत शब्द सुनावतो, आणि सायंकाळी त्याच माणसाच्या घरी जाऊन चहा पितो. त्या शब्दांनी कोणाचे नाव गेले नाही. गाडगेबाबांचे उदाहरण घ्या. दर्यापूर-अंजनगावच्या मातीतला हा माणूस कीर्तनाला उभा राहिला की समोरच्या गर्दीला खडे प्रश्न विचारी, कर्ज काढून सण करणाऱ्यांना आणि नवसाला बकरे कापणाऱ्यांना अस्सल वऱ्हाडीत फटकारी. ते बोलणे सौम्य नव्हते; पण ते समोरासमोर होते, ज्याला लागायचे त्यालाच ऐकवलेले होते, आणि बोलणाऱ्याच्या हातात झाडू होता. बाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ गेले. त्यांच्या बोलण्याने कोणाचा संसार मोडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

उलट, संसार मोडताना मी जी भाषा ऐकली आहे ती फार शुद्ध होती. तीत एकही अपशब्द नव्हता. ती हळू आवाजात, काळजीच्या सुरात बोलली जाते. तिचा सर्वांत कॅथलिक अवतार सांगतो, आणि तो वाचताना अनेक घरांत एकमेकांकडे पाहिले जाईल याची मला कल्पना आहे. तो म्हणजे प्रार्थनेची विनंती. “अमुकच्या मुलीसाठी प्रार्थना करा हं, फार कठीण दिवस आहेत त्यांच्यावर.” समोरची व्यक्ती विचारते, का हो, काय झाले? आणि मग रोझरीच्या पाचव्या रहस्यापर्यंत त्या मुलीचे काय झाले हे साऱ्या वॉर्डाला कळते. परमेश्वराला तपशील लागत नाही. तो आपल्यालाच हवा असतो. ज्या प्रार्थनेला नाव, गाव आणि घटना सांगावी लागते तिचा श्रोता स्वर्गात नसून शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो.

हा दोष केवळ स्त्रियांचा, अशी एक सोयीची समजूत पुरुषांनी करून घेतली आहे. उपवासकाळातील प्रवचनात चहाडीचा विषय निघाला की पुरुषांच्या बाजूचे बाक सैल होतात. मी पानटपरीवरची, क्रिकेटच्या मैदानावरची आणि कापूस विकायला गेलेल्या ट्रॅक्टरच्या रांगेतली चर्चा ऐकली आहे. धर्मग्राम परिषदेची तर गोष्टच सोडा. तिथे एखाद्याच्या चारित्र्याविषयी बोलायचे झाले की त्याला ‘विषय’ म्हणतात आणि तो इतिवृत्तात न लिहिण्याचे ठरते. सर्वांत शेवटी आमचे भोजनाचे टेबल येते. चार धर्मगुरू एकत्र जेवले आणि पाचव्याविषयी बोलले नाहीत, असे जेवण मला आठवत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ६ सप्टेंबर २०२०च्या रविवारी, साऱ्या जगाला कोविडने ग्रासले असताना, चहाडी ही कोविडहून वाईट साथ असल्याचे सांगितले, तेव्हा अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. तत्पूर्वी कित्येक वर्षे ते आपल्या रोमच्या कचेऱ्यांतील धर्मगुरूंनाही हेच बजावीत होते. घरचा आजार त्यांना ठाऊक होता.

संत फिलिप नेरी यांच्या नावावर सांगितली जाणारी कोंबडीच्या पिसांची गोष्ट मी इथे सांगणार नाही. दर उपवासकाळात सांगून सांगून ती पिसांइतकीच हलकी झाली आहे. त्याऐवजी आपल्या मुलखातलेच पाहू. संत याकोबांनी आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेची तुलना रान पेटविणाऱ्या लहानशा ठिणगीशी केली आहे. आम्हा कापूसवाल्यांना ती ठिणगी अधिक चांगली ओळखता येते. जिनिंगमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा. बोंडांबरोबर आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात घासतो आणि ठिणगी उडते. ती रुईत शिरते. भडका लगेच उडाला तर एक वेळ परवडते. पाणी मारता येते. खरी भीती त्या ठिणगीची असते जी दाबलेल्या गाठीच्या पोटात शिरून बसते. वरून गाठ पांढरीशुभ्र असते, हात लावला तर थंड लागते, ती ट्रकवर चढते, गोदामात रचली जाते, आणि काही दिवसांनी दुसऱ्याच गावी धूर निघू लागतो. तोवर ती ठिणगी कोणाच्या पाळीत पडली हे कोणी सांगू शकत नाही. निंदेचे नेमके असेच असते.

अशी एक ठिणगी मी स्वतः टाकली आहे. ठिकाण सांगत नाही; एवढेच सांगतो की ते आपल्याच धर्मप्रांतातले आहे आणि मी तेव्हा पस्तिशीत होतो. सणाच्या वर्गणीचा हिशेब एका तरुणाकडे होता. सण आटोपल्यावर परिषदेतील एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले की रकमेचा मेळ बसत नाही. मी त्या तरुणाला विचारले नाही. वह्या मागविल्या नाहीत. पुढच्या रविवारी प्रवचनात, कोणाचेही नाव न घेता, वेदीजवळ वावरणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत असे एक वाक्य मी बोललो. फार प्रभावी वाक्य वाटले होते मला ते. देवळातल्या साऱ्या माना एका बाकाकडे वळल्या. पंधरवड्याने मेळ बसला: एका वाडीची वर्गणी चुकून मागील वर्षाच्या पानावर जमा दाखविली गेली होती. एक पैसा कमी नव्हता. तोपर्यंत त्या मुलाने देवळात येणे सोडले होते, आणि वर्षाच्या आत तो कामासाठी पुण्याकडे निघून गेला. मी मनाशी म्हटले, मी तर कोणाचेच नाव घेतले नव्हते.

‘मी नाव घेतले नाही’, ‘मी फक्त ऐकले ते सांगितले’, ‘मी फक्त पुढे पाठविले’: या तीन वाक्यांची जात एकच आहे. तिसरे वाक्य आपल्या काळाने जन्माला घातले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे, असा मजकूर त्या दिवसांत मोबाइलवरून राज्यभर हिंडत होता. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. दगड आणि काठ्या मूठभरांनी चालविल्या. मजकूर मात्र हजारो सज्जनांनी, आपल्या पोरांच्या काळजीने, ‘असेल तर सावध राहावे’ म्हणून पुढे पाठविला होता. त्यांत मिस्साला जाणारे कोणी नव्हतेच, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तोच मजकूर त्या महिन्यात मलाही तीन श्रद्धावंतांकडून आला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. धर्मशिक्षणाच्या वर्गात जे आम्ही शिकवावयास हवे होते ते परदेशातल्या एका कंपनीला यंत्रात बसवावे लागले, याची मला लाज वाटते.

राईनपाडा दूर वाटत असेल तर घराजवळ या. नोव्हेंबर २०२१मध्ये त्रिपुरातल्या घटनांविषयी आलेल्या बातम्यांवरून अमरावतीत १२ तारखेला निषेधाचा मोर्चा निघाला आणि दगडफेक झाली. १३ तारखेच्या बंदमध्ये दुकाने जळाली. शहरात संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. १३ मे २०२३च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून दोन गट भिडले आणि एका माणसाचा जीव गेला. या दंगलींत आपण नव्हतो, असे म्हणून आपले लोक सुटकेचा नि:श्वास टाकतात. आपण संख्येने थोडे, म्हणून दगड मारणाऱ्यांत नव्हतो, हे खरे. पण संचारबंदीच्या त्या रात्री आपल्या वॉर्डांच्या गटांवरून कोणत्या वस्तीत काय झाले याच्या किती बातम्या फिरल्या, त्यांतल्या किती दुसऱ्या दिवशी खोट्या निघाल्या, आणि त्यांतल्या किती मागे घेतल्या गेल्या? ज्या समाजाविषयी अधूनमधून अफवा उठत असतात त्या समाजाने तरी अफवेचा वाहक होऊ नये.

याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. महानुभावांचे ते पवित्र क्षेत्र, आणि मराठीतल्या आद्य गद्यग्रंथाचे, लीळाचरित्राचे, जन्मस्थान. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभट्टांनी त्यांच्या आठवणी एकत्र केल्या. कशा? ज्याने जे वाक्य स्वतः ऐकले होते त्याच्याकडे जाऊन, त्याला विचारून, नागदेवाचार्यांकडून तपासून घेऊन. आणि दोघांच्या आठवणीत फरक पडला तर एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवले नाही; अमुक असे सांगतो, तमुक तसे सांगतो, अशी त्या त्या व्यक्तीच्या नावासह नोंद राहू दिली. त्यांचा पंथ वेगळा आणि आपली श्रद्धा वेगळी. परंतु दुसऱ्याचे शब्द पुढे नेताना किती पायपीट करावी लागते, याचा धडा आपल्या दारातच सातशे वर्षे पडून आहे. आपल्या चार शुभवर्तमानांचेही काहीसे असेच आहे. चौघांच्या सांगण्यात जिथे फरक आहे तिथे आदिख्रिस्तसभेने चौघांनाही तसेच जपले. आपल्याला मात्र एका शेजारणीविषयीची बातमी तपासायला रस्ता ओलांडून तिच्या दारापर्यंत जाणे जड जाते.

इथवर वाचून काही वाचक, विशेषतः काही अधिकारी मंडळी, समाधानाने मान डोलावतील. त्यांच्यासाठी पुढचा परिच्छेद लिहिणे भाग आहे. वाणीच्या संयमाचा उपदेश हा दुर्बळांच्या तोंडावर ठेवलेला हात म्हणून वापरला गेला आहे. मार खाणाऱ्या सुनेला घरातले बाहेर बोलू नये असे सांगितले गेले. संस्थेतील पैशाविषयी विचारणाऱ्याला फूट पाडणारा म्हटले गेले. आणि ज्या मुलांवर धर्मगुरूंकडूनच अत्याचार झाला त्यांच्या पालकांना, जगात ठिकठिकाणी, ख्रिस्तसभेच्या नावाला जपा असे सांगितले गेले. हा संयम नव्हे. हे पाप झाकण्याचे पाप आहे. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९मध्ये काढलेल्या आदेशाने अशा प्रकारांची माहिती वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंना आणि व्रतस्थांना बंधनकारक केले आणि तक्रार करणाऱ्यावर मौनाची सक्ती करण्यास मनाई केली. आपल्या देशाचा २०१२चा बालसंरक्षणाचा कायदा तर असा प्रकार ठाऊक असून न कळविणाऱ्याला शिक्षा सांगतो. तेव्हा निंदा आणि साक्ष यांतला फरक ओळखावयास शिकले पाहिजे, आणि तो अवघड नाही. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्याकडे जाऊन बोलणे ही साक्ष. त्याला सोडून बाकी साऱ्यांशी बोलणे ही निंदा. सोसणारी बाई आपल्या मैत्रिणीपाशी रडली तर ती निंदा नव्हे. आधार मागणे आहे. ते ऐकून मैत्रीण पोलीस पाटलाकडे गेली तर तिने शेजारधर्म पाळला. भजनी मंडळात गेली तर तिने तो मोडला.

प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पायऱ्याच घालून दिल्या आहेत: आधी अपराध करणाऱ्या बंधूला एकट्याने भेटा, मग एकदोघांना बरोबर न्या, आणि नंतरच मंडळीपुढे जा. आपण नेमके शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतो आणि पहिलीपर्यंत पोचतच नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी आपल्या साधनेच्या पुस्तकाच्या आरंभीच शिष्याला सूचना दिली आहे की शेजाऱ्याच्या बोलण्याचा शक्य तितका चांगला अर्थ लावण्यास तयार असावे. तो लागत नसेल तर त्याला त्याचा अर्थ काय ते विचारावे. विचारावे! एवढी साधी गोष्ट. त्या तरुणाला मी वह्या घेऊन ये म्हटले असते तर तो अर्ध्या तासात आला असता.

आता भरपाईविषयी, जी आम्ही धर्मगुरूंनी जवळजवळ विसरून टाकली आहे. कोणी बैलजोडी चोरली आणि पापनिवेदनात सांगितली, तर तीन नमो मरिया म्हण आणि शांतीने जा, असे कोणता फादर सांगेल? आधी जोडी मालकाच्या गोठ्यात बांधून ये, असेच सांगेल. धर्मशिक्षणाचा ग्रंथ स्पष्ट सांगतो की सुनामाविरुद्धच्या अपराधालाही भरपाईचे बंधन आहे, आणि अपराध्याला क्षमा मिळाली म्हणून ते सुटत नाही. कुभांड रचले असेल तर ज्यांना सांगितले त्यांच्याकडे जाऊन ते खोटे होते असे म्हणावे लागेल. गटावर पाठविले असेल तर त्याच गटावर, त्याच लोकांपुढे. ‘डिलीट’ केल्याने भागत नाही, कारण पडद्यावरून शब्द जातो, वाचणाऱ्याच्या मनातून जात नाही. खरा दोष उघड केला असेल तर काम अधिक कठीण. तो खोटा होता असे म्हणता येत नाही. तेव्हा त्या व्यक्तीचे जे चांगले ठाऊक आहे ते त्याच लोकांत, तितक्याच उत्साहाने, सांगत राहणे एवढेच हाती उरते. माझी आपल्या धर्मबंधूंना विनंती आहे की निंदेच्या पापाला प्रायश्चित्त देताना या भरपाईविषयी विचारल्यावाचून राहू नये. आणि ही विनंती मी वरच्या आसनावरून करीत नाही.

माझी स्वतःची भरपाई मी फार उशिरा केली. तो तरुण गेल्यानंतर माझी तिथून बदली झाली. काही वर्षांनी एका मृताच्या मिस्सासाठी त्या धर्मग्रामात जाण्याचा योग आला. मी मुक्काम वाढविला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सात, शुभवर्तमानानंतर, त्या जुन्या प्रवचनाचा उल्लेख करून सांगितले की हिशेब बिनचूक होता, त्या मुलाने एक पैसाही घेतला नव्हता, आणि चौकशी न करता बोलल्याचा दोष माझा होता. आवाज थरथरला. मिस्सा संपल्यावर मला हलके वाटत होते. त्या मुलाची आई बाहेर चिंचेखाली उभी होती. तिने माझे हात हातात घेतले आणि म्हणाली, “फादर, तुमी सांगतलं ते चांगलं केलं. पन माह्या पोरावर बोलले तवा ऐतवार होता, देऊळ भरून होतं. आज आमी सात जन होतो.”

मी तिथल्या धर्मगुरूंकडे रविवारची मोठी मिस्सा मागून घेतली आणि तोवर थांबलो.